पोरांसोबत शेत बनवू या: मातीचा बैल, ज्वारीच्या ताटाची गाडी, बुरकुंडाचे ठसे आणि बरंच काही

आमच्या सोसायटीतल्या एका साडेचार वर्षांच्या पोराने मला एकदा "शेत" काढून दाखवलं. लालभडक मोठं कोठार, त्याला पांढऱ्या चौकटीचं दार, बाजूला गुलाबी डुक्कर आणि गवताचे गोल गोल गठ्ठे. चित्र छानच होतं, रंग रेषेबाहेर गेले नव्हते, पण मी विचारलं की हे कुणाचं शेत रे, तर म्हणाला पुस्तकातलं. त्याच्या आजोबांचं शेत बार्शीकडे आहे, दर मे महिन्यात तो तिथे जातो, विहिरीत डोकावतो, शेळीच्या पिल्लामागे धावतो, आणि तरी "शेत काढ" म्हटलं की हातातून येतं ते लाल कोठारच. त्या दिवसापासून मी ठरवलं की रविवारी सकाळी जी सात-आठ पोरं माझ्याकडे येतात त्यांच्यासोबत शेताच्या वस्तू करायच्या त्या आपल्याकडच्या शेताच्या करायच्या, आणि शक्यतो शेतातल्याच सामानाने करायच्या. आधी वस्तू हातात द्यायची, मग कागद. एवढा एकच नियम मी पाळते.

माझं माहेर मंगळवेढ्याकडचं, ज्वारीचं कोठार म्हणतात तो भाग, काळी जमीन आणि रब्बीची मालदांडी ज्वारी. त्यामुळे खाली ज्वारी जरा जास्त येईल, तुमच्याकडे भात असेल, कापूस असेल, ऊस असेल तर तुम्ही तुमचं घ्या, उलट तसंच करा.

सामान जमवताना काय बघायचं

बाजारातून फारसं काही आणायचं नाहीये. एक किलो शाडू किंवा चिकणमाती, गेरू, पोस्टर कलरच्या तीन-चार बाटल्या (लाल, पिवळा, निळा, पांढरा एवढे पुरतात, बाकीचे पोरं स्वतः मिसळून काढतात आणि त्यात त्यांना जास्त मजा येते), खाकी कागद, जुने कपडे, सुतळी, खराट्याचे हीर. बाकी सगळं घरातून आणि भाजीवाल्याकडून.

आता जे घ्यायचं नाही ते नीट वाचा, कारण हे कुणी सांगत नाही. गावाकडून बियाणं आणलं असेल आणि त्यावर गुलाबी, लाल किंवा हिरवा रंग दिसत असेल तर ते बीजप्रक्रिया केलेलं, म्हणजे औषध चोळलेलं बियाणं असतं, दिसायला फार सुंदर असतं म्हणून क्राफ्टला घ्यावंसं वाटतं, पण ते लहान मुलांच्या हातात अजिबात नको. गुंजा नकोत, चावून पोटात गेली तर गुंज फार विषारी असते. एरंडाच्या बिया नकोत. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या, ज्याने आपण लहानपणी खेळलो, त्याही नकोत, विषारीच आहेत. पानं-फुलं गोळा करायला पोरांना मोकळ्या प्लॉटवर नेलंत तर गाजर गवत ओळखून ठेवा, पांढरी बारीक फुलं आणि गाजरासारखी पानं, त्याने कातडीला खाज आणि पुरळ येतं. आणि तीन वर्षांखालच्या मुलांना सुटं धान्य द्यायचंच नाही. हरभरा, वाटाणा, शेंगदाणा नाकात जातो, कानात जातो, घशात अडकतो. त्यांच्यासाठी माती आणि ठसे, एवढंच.

गोंदाचं म्हणाल तर मी मैद्याची खळ करते. दोन चमचे मैदा एक कप गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग मंद गॅसवर सतत ढवळत ठेवायचं, पाच मिनिटांत ती पांढऱ्याची जराशी काचेसारखी दिसायला लागते, तेव्हा उतरवायची. जुन्या लोकांना खळीत मोरचूद घालायची सवय होती, कीड लागत नाही म्हणून, पण मोरचूद हे विष आहे आणि पोरं बोटं चाटतातच, तेव्हा तो घालू नका. त्यापेक्षा चमचाभर मीठ घाला आणि फ्रिजमध्ये ठेवा, चार-पाच दिवस टिकते. आंबट वास आला की फेकून नवीन करायची.

मातीचा बैल

ह्याला मी सगळ्यात जास्त वेळ देते, दोन रविवार जातात, आणि गेले तरी चालतील. पोळा श्रावणी अमावस्येला येतो, आमच्या बाजूला सातारा-सांगली-कोल्हापूरकडे बेंदूर आषाढात, आणि विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी खास पोरांचा तान्हा पोळा असतो, लाकडाचे नंदीबैल सजवून पोरं घरोघरी नेतात. म्हणजे लहान मुलाने बैल सजवायचा ही गोष्ट आपल्याकडे आधीपासून आहेच. तर पोळ्याच्या दहा-बारा दिवस आधी सुरू करा, पावसाळी हवेत माती वाळायला वेळ लागतो.

माती आदल्या रात्री तयार करायची. शेतातली काळी माती घेणार असाल तर ती वाळवून, फोडून, जुन्या चाळणीने चाळा आणि तीन वाट्या मातीत एक वाटी बारीक वाळू घाला. काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते, उन्हाळ्यात रानात भेगा पडतात ना, तेच तुमच्या बैलाचं होतं. शाडूला वाळूची गरज नाही. दोन्हीत एक गोष्ट मात्र घालाच, चिमूट-चिमूट कापूस पिंजून मातीत मळायचा, तो आतून धरून ठेवतो. पाणी थोडं थोडं घालत पोळीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट मळायची आणि ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायची. सकाळी पाहणी अशी करायची, बोटाएवढी वळी करून ती बोटाभोवती गुंडाळा. चिरा पडल्या तर पाण्याचा हात लावून परत मळा, हाताला चिकटली तर दहा मिनिटं उघडी ठेवा.

पोरांना प्रत्येकी मोठ्या संत्र्याएवढा गोळा द्या. आणि पहिली पंधरा मिनिटं काहीही सांगू नका. आपटू दे, बोटं खुपसू दे, साप करू दे. मी आधी लगेच "आता बघा हं, असं करा" म्हणून सुरू करायचे आणि पोरं माझं ऐकतच नव्हती, नंतर कळलं की हातांना मातीची ओळखच झालेली नसते, ती झाली की आपोआप विचारतात, आता काय करू.

मग बैल. पाय वेगळे करून चिकटवायचे नाहीत, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पहिल्या वर्षी आम्ही पाय, डोकं, शेपूट सगळं वेगळं करून जोडलं आणि वर गच्चीत उन्हात वाळवलं, पोळ्याच्या दिवशी सकाळी बघते तर नऊ बैलांपैकी सात बैलांचे पाय गळून पडलेले. एक मुलगी इतकी रडली की मला अजून आठवतं. तेव्हापासून एकाच गोळ्यातून ओढून काढायचं. गोळा लांबट करा, रताळ्यासारखा. तो आडवा हातात धरून एका टोकाला डोकं ओढा, खालून चिमटीने चार पाय ओढा, जाड आणि आखूड, म्हणजे अंगठ्याएवढे जाड आणि तेवढेच लांब, लांब सडक पाय काढायचा मोह होतो पण ते वजन पेलत नाहीत. पाठीवर पुढच्या बाजूला चिमटीने माती वर ढकलली की वशिंड तयार. हे वशिंड चुकवू नका, बिनवशिंडाचा बैल पोरांना लगेच "हा कुत्रा झाला" असा वाटतो.

शिंगांसाठी खराट्याचे हीर तोडून डोक्यात खोचायचे आणि त्यावर मातीचा पातळ थर द्यायचा. इथे मी पोरांना फोटो दाखवते, कुठला बैल हवा ते निवडा म्हणून. आमच्याकडचा खिल्लार पांढरा, उंच, शिंगं लांब, मागे जाऊन वर वळलेली आणि टोकदार. मराठवाड्यातला लाल कंधारी सगळा तांबडा, त्याला रंगवायला नुसता गेरू पुरतो. देवणीचे कान लोंबते आणि अंगावर काळे-पांढरे मोठे डाग. नाशिक आणि अहिल्यानगरच्या अकोले तालुक्यातल्या डोंगराळ पावसाच्या भागातला डांगी, पांढऱ्यावर काळे ठिपके. असं निवडलं की दहा पोरांचे दहा बैल वेगळे होतात आणि माझा बैल तुझ्यापेक्षा वाईट हा विषयच निघत नाही.

शेवटचं काम म्हणजे ओल्या बोटाने अंग गुळगुळीत करणं, आणि ह्याला आम्ही खांदेमळण म्हणतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खऱ्या बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात, वर्षभर जू ओढून खांद्याला घट्टे पडलेले असतात म्हणून, आणि बैलाला आमंत्रण देतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." हे मी पोरांना सांगते, वाटीत पाणी देते, आणि मग बघा, जे पोर एरवी दोन मिनिटं बसत नाही ते बोट बुडवून बुडवून बैलाच्या खांद्यावरच्या भेगा भरत बसतं आणि पुटपुटतं, आवतण घ्या, आवतण घ्या. मोठ्याने सांगून जे होत नाही ते असं होतं, भेगाही भरतात आणि बैलाला दुखतं हेही त्यांना कळतं.

वाळवायचं सावलीत. पहिला दिवस वरून ओलसर फडकं टाका, दुसऱ्या दिवशी काढा, मग चार-पाच दिवस पंख्यापासून लांब, अधूनमधून आडवा करून पोटाखालीही हवा लागू द्यायची. पूर्ण वाळला की माती फिकट दिसते आणि गालाला लावली तर गार लागत नाही. एखादा पाय निघालाच तर दोन्ही बाजू काडीने ओरखडायच्या, पातळ चिखल लावून दाबायचं आणि परत वाळवायचं.

रंगवल्यावर सजावट. झुलीसाठी जुन्या ब्लाउजपीसचा किंवा काठाचा तुकडा, बैलाच्या पाठीवर मापून कापायचा. शिंगांना लाल रंग, टोकाला सोनेरी कागदाच्या शेंब्या. कपाळावर कागदाचं बाशिंग. वेसण आणि कासरा सुतळीचा एक पदर उसवून. गळ्यात घुंगरमाळ म्हणून दोऱ्यात ओवलेले मोठे मणी, हे सहा वर्षांच्या पुढच्यांनी ओवायचे. चमकी मी देत नाही कारण नंतर हा बैल आपल्याला मातीत मिसळायचा आहे, ते शेवटी सांगते.

ताटाची गाडी

बैल झाले की गाडी पाहिजेच. आम्ही लहानपणी फेब्रुवारीत ज्वारी काढली की कडब्यातलं एक जाड ताट, म्हणजे ज्वारीचं वाळलेलं धाट, ओढून घ्यायचो आणि दाताने सोलून त्याचा चष्मा आणि गाडी करायचो. ताटाच्या आत पांढरा मऊ भेंड असतो आणि वरची साल टणक, चिवट. भेंडात सालीची काडी सहज घुसते आणि घट्ट बसते, म्हणून गोंद, खिळा, दोरा काहीच लागत नाही. ह्याच्यापेक्षा चांगलं क्राफ्टचं सामान मला अजून दुकानात मिळालेलं नाही, मनापासून सांगते.

शहरात कडबा कुठे मिळतो विचाराल, तर जवळपास म्हशींचा गोठा असतोच, तिथे पाच-सहा ताटं मागितली तर नाही म्हणत नाहीत. ताटं पूर्ण वाळलेली हवीत. ही कृती सहा वर्षांच्या पुढची, आणि सोलायचं काम मोठ्यांनी करायचं, कारण सालीची कड ब्लेडसारखी कापते. एका पेरापासून दुसऱ्या पेरापर्यंतचा तुकडा कापा, पेराची गाठ टाकून द्या, सुरीने साल लांब पट्ट्यांत सोला, आणि प्रत्येक पट्टीची कड पॉलिश पेपरवर एकदा घासून मगच पोरांना द्या. त्या पट्ट्या उभ्या चिरून टूथपिकसारख्या काड्या करून ठेवा, पंचवीस-तीस तरी. घाई असेल तर सरळ टूथपिक वापरा, टोकं मोडून.

एका गाडीला भेंडाचे वीतभर लांब दोन तुकडे, ह्या दांड्या. त्या इंग्रजी व्ही सारख्या ठेवायच्या, पुढे टोकं जवळ, मागे चार बोटं अंतर. मधे तीन आडवे तुकडे काड्यांनी ठोकायचे, म्हणजे साटा, गाडीचा सामान ठेवायचा तळ, झाला. पुढच्या टोकावर एक आडवा तुकडा, हे जू. साट्याच्या खालून एक लांब काडी आरपार, हा आख. चाकाला भेंडाच्या चकत्या बारीक पडतात, म्हणून मी पुठ्ठ्याचे दोन गोल घेते, बाटलीच्या झाकणापेक्षा मोठे, मधे छिद्र, आणि बाहेरच्या बाजूने भेंडाचा छोटा तुकडा आखावर खोचते म्हणजे चाक निघत नाही आणि फिरतंसुद्धा. चाक खरोखर फिरलं पाहिजे, पोरांच्या दृष्टीने सगळी किंमत त्यातच आहे. फिरत नसेल तर छिद्र थोडं मोठं करा.

मग गाडीत भरायला काय, तर चिमूटभर गवत, कागदाची पोती, कापसाची बोचकी, जे त्याच्या गावाला पिकतं ते. हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते, तुमच्या गावाला काय पिकतं. एका मुलीला माहीत नव्हतं, तिने घरी जाऊन आजीला फोन लावला आणि पुढच्या रविवारी कागदाच्या हिरव्या मिरच्या घेऊन आली.

ठसे

सगळ्यात सोपं आणि दोन वर्षांच्या बाळालाही जमणारं. ताटलीत जुन्या कापडाची घडी ठेवा, त्यावर रंग ओता, रंगात निम्मी खळ मिसळली की ओघळत नाही. भेंडी जून घ्या, कोवळी दाबली की चेंदते. आडवी कापली की फूल येतं, पोरांना धार मोजू द्या, बहुतेक पाच असतात पण कधी सहा-सातही निघतात. दोडक्याच्या चकतीचं चाक होतं, पालकाच्या जुडीचा बुडखा आडवा कापला तर गुलाबासारखं उमटतं, अर्ध्या कांद्याचे कडे म्हणजे विहीर. पण राजा म्हणजे मक्याचं बुरकुंड. कणीस भाजून खाल्लं की बुरकुंड फेकू नका, दोन दिवस वाळवा, दोन्ही टोकांना काडी खोचा आणि रंगात लाटण्यासारखं फिरवून कागदावर लाटा, तिफणीने, म्हणजे पेरणीच्या अवजाराने, पेरल्यासारख्या ठिपक्यांच्या ओळी उमटतात.

आणि तिफणीवरून, एक जुनी मोठ्या दातांची फणी घ्या, तिचे मधले दात मोडून फक्त तीन ठेवा, लांब लांब. कागदावर गेरूचा जाड ओला थर द्या आणि पोराला ही फणी ओढू द्या. तीन तास, म्हणजे पेरणीच्या रेघा, पडतात. तिफण म्हणजे तीन फणांची, फणी आणि फण हे नातं पोरांना सांगितलं की त्यांना भारी वाटतं, मलाही दर वेळी वाटतं. त्या तासांवर हिरव्या रंगाने बोटाचे ठसे, झालं पीक उगवलेलं रान.

धान्याचं चित्र

ह्याबद्दल माझ्या मनात आधी खळखळ होती, अन्न असं कागदाला चिकटवायचं का. आमच्या आजीने एक दाणा पायाखाली येऊ दिला नसता. मग मी असं ठरवलं की चांगलं धान्य घ्यायचंच नाही, निवडून बाजूला काढलेलं, किडकं, फुटकं, तळाशी राहिलेलं घ्यायचं, आणि सोबत फोलपटं, कांद्याची टरफलं, लसणाची साल, शेंगांची टरफलं, ज्याचा पसारा आपण असाच टाकतो. त्यातून खरं तर जास्त छान चित्र होतं, कांद्याच्या टरफलाचा जो तांबूस रंग आहे तो कुठल्या बाटलीत नाही.

पुठ्ठा घ्या, कागद नको, खळीने वाकडा होतो. खडूने मोठे आकार काढा, पाच-सहाच, म्हणजे आकाश, डोंगर, रान, झाड, गोठा. एका वेळी एकाच आकाराला खळ लावायची, सगळीकडे लावली की वाळून जाते. मसूर मातीला, मूग पिकाला, मोहरी नांगरलेल्या रानाला, तांदळाची कणी ढगाला, नाचणी गोठ्याच्या भिंतीला. शेंगांच्या टरफलाची कौलं करा, उलटी-सुलटी लावली की हुबेहूब मंगलोरी. चार वर्षांचं पोर वीस मिनिटांत कंटाळतं, तेव्हा अर्धं राहिलं तर राहू द्या, दुसऱ्या दिवशी पुढे. आणि कृपा करून मागून तुम्ही पूर्ण करून देऊ नका, पोराला ते लगेच कळतं.

चित्र दोन दिवस कडक उन्हात ठेवा. मी एकदा न वाळवता भिंतीला लावलं आणि महिन्याभरात त्यातून सोंडे बाहेर पडायला लागले, मग सगळं उतरवावं लागलं. ऊन नसेल तर धान्य आधी दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग वापरा.

मळणीचं चित्र, वारली पद्धतीने

पाच वर्षांच्या पुढे. खाकी कागदावर गेरूचा हात द्या आणि वाळू द्या. दोन चमचे तांदळाची पिठी, थोडं पाणी, पाव चमचा डिंकाचं पाणी, दुधाच्या सायीसारखं दाट. मूळ कलाकार बांबूच्या काडीचं टोक चावून त्याचा ब्रश करतात, पोरांना इअरबड किंवा खराट्याचा हीर द्या. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणूस, वर डोक्याचा गोल, बाकी रेषा. बैलाचं अंगही दोन त्रिकोणांचंच.

मध्यभागी मोठं वर्तुळ, हे खळं, म्हणजे मळणीची जागा. त्याच्या मधोमध एक उभी रेघ, हा तिवडा, म्हणजे बैल बांधायचा खांब, आणि भोवती एकामागे एक बांधलेले बैल गोल फिरताहेत. बाजूला सुपाने उफणणारी बाई, कुत्रं, कोंबड्या, ताडाचं झाड. पोरांना हे सांगा की ही वारली समाजाची कला आहे, पालघर-डहाणू-जव्हारकडची, पूर्वी लग्नघरात बायका कुडाच्या भिंतीवर काढायच्या, आणि त्याच भागातल्या जिव्या सोमा मशे ह्यांना 2011 साली ह्या कलेसाठी पद्मश्री मिळाली. मी एवढं सांगते आणि मग त्यांचे फोटो दाखवते, कारण काढणारा माणूस दिसला की पोरं चित्राकडे वेगळ्या नजरेने बघतात. लग्नाचा देवचौक मात्र पोरांना काढायला लावत नाही, तो त्यांच्या विधीतला आहे, आपण रानातलं काढायचं.

रंग आणि बुजगावणं, थोडक्यात

हळदीचं पाणी ब्रशने कागदावर लावा, वाळलं की पोराला खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलेला इअरबड द्या, जिथे लावेल तिथे तांबूस रेघ उमटते. चुन्याने आणखी लाल होतं पण चुना हाताला भाजतो, डोळ्यात गेला तर फार वाईट, म्हणून सोडाच बरा. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की जांभळं होतं. बीटाचा गुलाबी आठ-दहा दिवसांत विटतो, पोरांना आधीच सांगून ठेवा. हळदीचे डाग कपड्याला पडतात तेव्हा जुने कपडे घालूनच बसवा.

बुजगावणं सगळ्यांनी मिळून एकच करायचं. दोन काठ्या सुतळीने अधिकच्या चिन्हासारख्या बांधा, जुना शर्ट घाला, बाह्यांची टोकं बांधून आत पाचट किंवा वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, हे कोंबायचं काम तीन वर्षांची पोरं जीव तोडून करतात. डोक्याला खरं तर काळं मडकं, पण ते फुटतं म्हणून आम्ही उशीच्या जुन्या अभ्र्यात चिंध्या भरतो आणि खडूने डोळे काढतो. आमचं सोसायटीच्या वांग्यांच्या कुंड्यांजवळ उभं आहे, कबुतरांना काही फरक पडत नाही, पण पोरं रोज येता-जाता त्याला हाक मारतात.

वेळ आणि पसारा

एका बैठकीला एकच वस्तू. तीन वर्षांच्यांना पंधरा मिनिटं, पाच वर्षांच्यांना अर्धा तास, सात-आठ वर्षांची पोरं रंगली तर तास-दीड तास बसतात. जुनी चटई किंवा बारदान अंथरा, बाजूला पाण्याची बादली आणि एक टॉवेल. मातीचे हात बेसिनमध्ये धुवायचे नाहीत, पाइप तुंबतो, बादलीत धुवा आणि ते गढूळ पाणी झाडांना घाला. आणि तयार नमुना समोर ठेवू नका, खरी वस्तू ठेवा. भेंडी असेल तर भेंडी, कणीस असेल तर कणीस, बैल शक्य नसेल तर फोटो. नमुना ठेवला की दहाही पोरं तोच नमुना करतात आणि ज्याला जमत नाही ते रडतं.

बैलाचं पुढे काय

पोळा झाला की आम्ही बैल आठवडाभर खिडकीत ठेवतो. मग झूल, वेसण, कागद काढून घेतो आणि बैल बादलीत पाण्यात ठेवतो. भाजलेला नसल्याने तो रात्रभरात विरघळतो, आधी शिंगांचे हीर सुटतात, मग पाय बसतात, शेवटी वशिंड. पोरांनी हे बघायला हवं असेल तर बघू द्या, नको असेल त्याचा बैल ठेवून द्या, जबरदस्ती नाही. त्या रडलेल्या मुलीचा बैल अजून तिच्या कपाटात आहे, तीन वर्षं झाली.

तो गाळ नुसता वापरला तर घट्ट बसतो, म्हणून एक भाग गाळ आणि तीन भाग कुंडीतली माती आणि शेणखत असं मिसळतो, नारळाच्या करवंटीत भरतो, खाली छिद्र, आणि बाहेरून करवंटीवर डोळे-नाक. तेवढ्यात नवरात्र आलेलं असतं. घटाला जसं धान्य पेरतात तसं प्रत्येकजण आपल्या करवंटीत मूठभर रात्रभर भिजवलेला गहू पसरतो, वर मातीचा पातळ थर, रोज हाताने पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब दिसतात, नवव्या दिवशी करवंटीच्या डोक्यावर बोट-दीड बोट केस. मागच्या वर्षी त्या लाल कोठारवाल्या पोराने त्याच्या करवंटीला बैलाचे कान काढले होते, आणि मला विचारत होता की मावशी, माझा खिल्लारच उगवलाय ना हा.